तुम्ही विचारलेत म्हणून : मासा आजारी आहे, कोणते औषध टाकू?

"सर, मासे वरतंच येऊन रायले, काही औषध सांगा ना." यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि औषधाचे नाव सांगण्याआधी मी टाकीतले पाणी केव्हा बदलले आणि ते कुठून आणले हे विचारतो, याचे अनेकांना नवल वाटते.

मागच्या पावसाळ्यात शेजारचा सातवीतला मुलगा असाच धावत आला. त्याच्या टाकीतले चारही गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करत होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते, पण अंगावर डाग, जखम, बुरशी यांपैकी काहीच नव्हते. सगळे मासे एकाच दिवशी बिघडले तर मी रोगाआधी पाण्यावर संशय घेतो, कारण संसर्ग बहुधा एकदोन माशांपासून सुरू होऊन पसरत जातो. त्याच्या आईने सकाळीच टाकीतले बहुतेक पाणी काढून नळाचे ताजे पाणी भरले होते, आणि नळाला पाणी येते त्या विहिरीत आदल्या संध्याकाळी ब्लिचिंग पावडर पडली होती. ती पडायलाच हवी, पावसाळ्यात माणसांसाठी तेच योग्य आहे. मात्र त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. मी मुरवलेल्या पाण्याच्या पिंपात मासे हलवले. तीन वाचले, चौथा संध्याकाळी गेला, आणि तो मुलगा त्याला तळहातावर घेऊन बराच वेळ पायरीवर बसून होता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवावे किंवा त्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत, आणि एका वेळी चौथाईपेक्षा जास्त पाणी बदलू नये. फिल्टरच्या स्पंजमध्ये माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. क्लोरीनने तेही मरतात, आणि मग वाचलेल्या माशांना पुढचे काही दिवस अमोनियाचा धोका असतो. एप्रिल-मे महिन्यांत मासे वर येतात ते मात्र पाणी तापल्याने त्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून. तिथे एअर पंपच हवा.

कापसाच्या मुलखात राहत असल्याने आमच्याकडे माशाच्या अंगावर पांढरे काही दिसले की "कापूस लागला" असे म्हणतात, आणि इथे खरी चूक होते. जखमेवर उगवलेला मऊ, लांब तंतूंचा झुपका बहुधा बुरशीचा असतो. पण तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला करडा-पांढरा थर कॉलम्नॅरिस या जिवाणूचा असू शकतो, आणि तो गरम पाण्यात अधिक वेगाने वाढतो. अंगावर रव्याच्या कणांसारखे सुटे ठिपके असतील आणि मासा दगडावर अंग घासत असेल, तर तो इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. गप्पी, मॉली यांच्यासारख्या उष्ण पाण्यातल्या माशांना इच झाला तर हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेणे उपयोगी पडते; तोच उपाय कॉलम्नॅरिसमध्ये मासा मारतो. म्हणून औषधाआधी मी टॉर्च लावून मासा नीट पाहतो.

इचचा दिसणारा ठिपका कातडीखाली असतो आणि तिथे औषध पोहोचत नाही. परजीवी वाढून गळतो, तळाशी आवरण करून शेकडो पिल्लांत विभागतो, आणि ती पिल्ले मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच काळात औषध किंवा मीठ त्यांना मारते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्यात पुरे होते, थंडीत फार लांबते. ठिपके दिसेनासे होताच लोक उपचार थांबवतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा माझ्याकडे येतात. मी ठिपके गेल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवतो.

मात्रा टाकीत खरोखर असलेल्या पाण्यावरच ठरवावी. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या टाकीत हिशेबाने ५४ लिटर पाणी बसते, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ते ४५ लिटरच्या आसपास भरते. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो उपचारापुरता काढावा, नाहीतर टाकलेले औषध तोच शोषून घेतो.