बोटभर मूद

बाबा महिनाभर माझ्याकडे योकोहामाला यायला निघाले, तेव्हा आईने त्यांना तीन गोष्टी बजावल्या होत्या. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, एकट्याने गाडीत बसायचं नाही आणि कच्चे मासे खायचे नाहीत. पहिल्या दोन त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडल्या. तिसरी मोडायला मीच त्यांना नुमाझूला घेऊन गेले.

योकोहामाहून तोकाइदो मार्गाची साधी गाडी धरायची, आतामीला बदलायची. ओदावारा सुटलं की डाव्या हाताला समुद्र येतो तो गाडीच्या जवळजवळ पायाशीच. उजवीकडे डोंगरउतारावर मिकान संत्र्यांच्या बागा. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. आतामीनंतर तान्ना बोगदा लागला. "आमचा कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटर आहे," ते म्हणाले. हा पावणेआठ किलोमीटरचा आणि १९३४ साली खुला झालेला, हे मी सांगितल्यावर उजेड येईपर्यंत काही बोलले नाहीत.

नुमाझू बंदरात मात्र ते एकदम घरच्यासारखे वावरायला लागले. त्याला कारण वास. जाळीच्या फळ्यांवर चिरून उघडलेले आजी मासे वाळत टाकलेले होते. (आजी हे माशाचं नाव. बाबांना त्याची इतकी गंमत वाटली की दिवसभर ते "आजी वाळत घातल्यात" म्हणत होते.) आमचं गाव दापोली तालुक्यात. हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव बाबांनी लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे मासा पाहिला की आधी डोळा आणि मग कल्ला बघायचा हे हाडात मुरलेलं. पुढे एका दुकानात गुलाबी कोळंबीचा बारीक सुकवलेला ढीग दिसला. साकुरा-एबी. जपानात ती धरतात ती याच सुरुगा उपसागरात, वसंतात आणि मग शरदात. बाबांनी चिमूटभर हातावर घेतली, हुंगली आणि निकाल दिला, "जवळा. पावडर लावलेला." म्हणजे चेहऱ्याला लावतात ती.

हा उपसागर जपानातला सर्वांत खोल, २५०० मीटरपर्यंत जातो. आणि त्याच्या डोक्यावर ३७७६ मीटरचा फुजी. समोर दिसतो म्हणून मी बाबांना आणलं होतं. मे महिन्यात फुजी बहुतेक वेळा ढगात असतो हे मला ठाऊक होतं, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. तो ढगातच होता.

सुशीचं दुकान बंदराच्या गर्दीपासून दोन गल्ल्या आत. दारावर निळा पडदा, आत हिनोकी लाकडाची एक लांब फळी आणि आठ खुर्च्या. समुद्र काही तिथून दिसत नाही. दिसतात त्या धक्क्यावरच्या गुंडाळलेल्या दोऱ्या, आणि वरून शीळ घालत फिरणाऱ्या घारी. भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर माशांची नावं होती, काहींच्या खाली किमतीऐवजी 'जिका' लिहिलेलं. जिका म्हणजे आजच्या बाजारभावाने. आपल्याकडच्या मालवणी खानावळीत पापलेटसमोर 'साइझप्रमाणे' लिहिलेलं असतं ना, तेच. दोन्ही ठिकाणी ते वाचून पोटात सारखाच गोळा येतो.

मी दर पंधरवड्याला सुशी खाते, पण ती फिरत्या पट्ट्यावरची. १९५८ साली ओसाकाकडे निघालेली ही युक्ती. बिअरच्या कारखान्यातल्या पट्ट्यावरून ती सुचली म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला ती आवडते. तिथे कुणी आपल्याकडे बघत नाही. इथे मात्र फळीपलीकडे साठीचे ताइशो उभे असतात, म्हणजे मालक आणि कारागीर एकच, आणि ते आपल्याकडेच बघत असतात. ऑर्डर द्यायची नाही. 'ओमाकासे' म्हणायचं, तुमच्यावर सोपवलं. मग ते एकेक घास करतात आणि समोरच्या लाकडी पाटावर ठेवतात. घास खाली टेकला की उचलायचा. आमची आजी (खरी, माशातली नव्हे) चुलीपुढे बसून घावन थेट पानात टाकायची, आणि हात थांबलेला दिसला की म्हणायची, "बघत काय बसलास, खा." ताइशो काही बोलत नाहीत, नजर तीच असते.

चहा आला. सुशीच्या दुकानातला चहाचा पेला मोठा, जाड आणि हात भाजणारा. त्यावर सगळीकडे चित्रलिपीतली माशांची नावं. प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला तेच एक चिन्ह, मासा. बाबा पेला फिरवून फिरवून बघत राहिले. गरम ओल्या रुमालाने त्यांनी हात पुसले, मग मान पुसली, आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पहिला घास आला हिरामेचा, पांढऱ्या चपट्या माशाचा. ताइशोंनी खुणेने सांगितलं, हाताने खा. आठवडाभर काड्यांशी झुंजलेल्या बाबांचा चेहरा उजळला. आणि मग त्यांनी जे केलं त्याने माझं पाणी पाणी झालं. त्यांनी वरचा मासा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि खालच्या भाताची चार शितं काढून अंगठा आणि तर्जनीत दाबली. दाबली, सोडवली, पुन्हा दाबली. मग तोंडात टाकली.

शेजारचं जोडपं खायचं थांबलं. ताइशोंचा हातही थांबला.

"तांदूळ जुना आहे," बाबा म्हणाले. "विचार त्यांना. आणि हातसडीचा आहे का, रंग तांबूस का?"

मी आधी माफी मागितली, मग भीत भीत प्रश्न सांगितला. ताइशोंनी हात पुसला. नवा आणि जुना मिसळतात, म्हणाले. नव्या तांदळात पाणी जास्त, त्यामुळे तो व्हिनेगर नीट पीत नाही आणि गोळा होतो. "तेच," मी भाषांतर केल्यावर बाबा म्हणाले, "नव्याचा गिचका होतो. नवा पेजेला." हातसडीचा मात्र नव्हता. रंग होता लाल व्हिनेगरचा. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळल्यावर उरणारा चोथा वर्षानुवर्षं मुरवून ते करतात. १८०४ साली हांदा गावच्या साके बनवणाऱ्या एका माणसाने चोथा फुकट जायला नको म्हणून त्याचं व्हिनेगर करायला घेतलं, आणि तेव्हाच्या एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, सुशीवाल्यांनी ते उचललं. चोथ्याचंही काहीतरी करायचं, हा हिशेब बाबांना पटला.

त्यानंतर ताइशोंचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही. ते 'ओतोसान'शी बोलत होते. ओतोसान म्हणजे बाबा, कुणाचेही. मी दुभाषी.

सुशी म्हणजे मासा, असं मी सहा वर्षं जपानात राहून समजत होते. मुळात तो शब्द आंबट या अर्थाचा, आणि आंबट असतो तो भात. फार जुनी सुशी म्हणजे तर मासा खारवून भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचा, भात आंबून मासा टिकवतो. बिवा सरोवराकाठी गोड्या पाण्यातल्या माशाची फुनाझुशी अजून तशी करतात. पूर्वी तो मासा खायचे आणि भात टाकून द्यायचे. "टाकून?" बाबांनी तीनदा विचारलं. पुढे आंबवण्याऐवजी व्हिनेगर आलं, आणि १८२०च्या दशकात एदोत भाताचा गोळा करून वर मासा दाबून उभ्याउभ्या गाडीवर विकायला सुरुवात झाली. हानाया योहेई या माणसाला त्याचं श्रेय देतात. म्हणजे वडापावच्याच कुळातली वस्तू.

सुशीच्या दुकानात भाताला भात म्हणत नाहीत, 'शारी' म्हणतात. का, ते ताइशोंनी सांगितलं आणि मी चमचा खाली ठेवावा तसा चहा खाली ठेवला. बुद्धाच्या अस्थींना जपानीत 'बुश्शारी' म्हणतात. पांढरी बारीक शितं त्या अस्थींसारखी दिसतात, म्हणून शारी. आणि हा शब्द बौद्ध धर्माबरोबर संस्कृतातून आलेला.

"शरीर," बाबा म्हणाले.

ताइशोंनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. शरीरू. शरीरू. मग दोघंही हसले, आणि मला त्या हसण्यात भाषांतर करण्यासारखं काही सापडलं नाही.

आता घास भराभर येऊ लागले. भात अंगाइतका कोमट. तो दाबलेला दिसतो पण दाबलेला नसतो, आत हवा असते. उचलला तर धरून राहतो, जिभेवर टेकला की सुटतो. भात शिजवायला तीन वर्षं, घास वळायला आठ, अशी या धंद्यातली जुनी म्हण आहे. बाबांनी पुढच्या घासात मासा वेगळा केला नाही, पण तोंडात टाकण्याआधी तो डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "मूद आहे ही. वाटीशिवाय पाडलेली." सुशीला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न माझ्यापुरता तिथे मिटला.

किन्मेदाईच्या घासावर थोडं वादळ झालं. सोनेरी डोळ्यांचा, लाल सालीचा खोल पाण्यातला मासा, सालीवर नुसतं उकळतं पाणी ओतलेलं. हा परवा आलेला आहे, असं ताइशोंनी अभिमानाने सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हर्णैला परवाचा मासा मांजराला. पण इथे तो पकडल्या पकडल्या मेंदूत सुई घालून मारतात, रक्त काढतात आणि मग थंडीत एक-दोन दिवस निजवतात, त्याने चव खुलते. बाबांनी खाल्ला. चांगला आहे म्हणाले. पटलं नाही हेही दिसत होतं.

वासाबीने त्यांना गाठलं ते आजीच्या घासात. इझूच्या डोंगरातल्या झऱ्यात वाढलेलं मूळ ताइशो शार्कच्या कातडीवर गोल गोल उगाळत होते, सहाणेवर गंध उगाळावं तसं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कारागिरांच्या बोलीत वासाबीला म्हणतातच 'नामिदा', अश्रू. नाक पुसून बाबा म्हणाले, "फेसलेली मोहरी." अगदी तीच. मोहरी आणि वासाबी एकाच कुळातल्या, आणि चेचल्यावर दोन्हींत तयार होणारं झणझणीत द्रव्यही एकच.

उकडून गोडसर पाक लावलेल्या आनागोला त्यांनी वाम म्हणून ओळखलं. शेवटी एक बारीक गुंडाळी आली, समुद्रशेवाळात भात आणि मध्ये तपकिरी पट्टी. कानप्यो. बाबा चावत राहिले, थांबले, पुन्हा चावले. "हा दुधी आहे!" खरंच दुधीच. भोपळ्याच्या गराच्या पट्ट्या सुकवून, मग सोया-साखरेत शिजवलेल्या. जन्मभर आईने केलेली दुधीची भाजी पानात ढकलत आलेल्या माणसाने दुसरी गुंडाळी मागून घेतली.

एका खेपेला दहाच घास का, असं मी निघताना विचारलं. तसा काही नियम नाही, पण त्यामागे एक गोष्ट आहे. युद्धानंतर १९४७ साली टंचाईमुळे खानावळी बंद केल्या. तोक्योतल्या सुशीवाल्यांनी वाट काढली. गिऱ्हाइकाने घरून एक गो तांदूळ आणायचे, आम्ही दहा घास वळून देऊ, मजुरी तेवढी द्या. आम्ही अन्न विकत नाही, दळून-कांडून द्यावं तसं करून देतो. ती चाल पुढे देशभर पसरली. एक गो म्हणजे १८० मिलिलिटरचं माप, आपल्या चिपट्या-मापट्यासारखं. माझ्या भाताच्या कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा कप तेवढाच असतो. मी सहा वर्षं त्याने भात मोजतेय.

बिलाचा आकडा बाबांना सांगितला नाही. त्यांनी विचारला, मी 'जिका' म्हटलं.

परतीच्या गाडीत त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला. जपानी गाडीत फोनवर बोलत नाहीत, मी खुणा करत होते, पण डबा जवळजवळ रिकामा होता. आईने पहिलाच प्रश्न केला, "कच्चे मासे खाल्लेत ना?"

"छे गं. भात खाल्ला."

"भात खायला दोनशे किलोमीटर?"

"शंभर," बाबा म्हणाले. "आणि दुधी."

आईने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.