१०० मिमी मॅक्रो: किडे झाले, आता चेहरे (आतापर्यंतचा हिशोब)

तर मंडळी, १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त) आता बऱ्यापैकी हातात बसलीये, म्हणून काय काय दिसलं ते एकदा लिहून टाकतो. फुल फ्रेम बॉडीवर (३६ मिमी रुंद सेन्सरचा कॅमेरा) वापरतोय, ऑटोफोकस आहे, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) आहे, १:१ पर्यंत (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची पडते) जाते. ब्रँड मुद्दाम सांगत नाहीये, कारण एकदा नाव आलं की सगळी चर्चा तिकडेच वळते, आणि तसंही ९० ते १०५ मिमीच्या एफ/२.८ मॅक्रो लेन्सा थोड्याफार फरकाने एकाच पठडीतल्या.

सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, शार्प आहे का? आहे. या रेंजमधली मॅक्रो लेन्स शार्प नसणं ही मुद्दाम शोधून काढावी लागेल अशी गोष्ट आहे, म्हणून मी त्यात फार वेळ घातलाच नाही. मला बघायचं होतं ते हे की एकच लेन्स किड्यालाही आणि माणसालाही पुरेल का, आणि नाही पुरली तर नेमकी कुठे अडते. आधीच सांगून टाकतो, अडते ती फोकसच्या बाबतीत, बाकी कशात नाही.

आधी मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर किती मोठी पडते ते. सोपी टेस्ट आहे, मॅन्युअल फोकसवर टाकायचं, रिंग जवळच्या टोकाला फिरवून ठेवायची, मग कॅमेराच पुढेमागे करत मोजपट्टी शार्प दिसेल तिथे थांबायचं आणि फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजायचे. फुल फ्रेमवर ३६ आले की लेन्स खरी १:१. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सर) वर साधारण २३ च्या आसपास येतात. ही टेस्ट कराच, कारण "मॅक्रो" हा शब्द कंपन्या फार सढळ हाताने छापतात, कित्येक झूमवर लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात १:४ च्या पुढे जात नाहीत. टॅमरॉनची जुनी ९० मिमी एफ/२.५ एवढी नावाजलेली, तीसुद्धा नुसती वापरली तर १:२ लाच थांबते.

पण १:१ पेक्षा जास्त फरक पडतो तो लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत किती जागा उरते त्याने. बॉक्सवर लिहिलेले ३० सेंमी हे सेन्सरपासून मोजलेले असतात (बॉडीवर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते ना, तिथून), त्यातून बॉडी गेली, लेन्सची लांबी गेली, माझ्याकडे उरतात जेमतेम १४ सेंमी. हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची, बाजूचा उजेड अडवणारी कड) लावलं तर अजून कमी, आणि हूडची सावली किड्यावर पडते ती वेगळीच, म्हणून १:१ ला मी हूड काढूनच ठेवतो. ५०-६० मिमीची मॅक्रो घ्यायचा विचार असेल त्यांनी हे आधी बघा, तिथे जागा याहून कमी असते आणि फुलपाखरू काही तेवढं थांबत नाही.

आता गंमत. अगदी जवळ गेल्यावर ही लेन्स १०० मिमीची राहतच नाही. साधा हिशोब असा की १:१ ला वस्तू ते सेन्सर हे अंतर फोकल लेंथच्या (हा १०० मिमी वगैरे आकडा) चौपट लागतं, म्हणजे खऱ्या १०० मिमीला ४० सेंमी हवेत, आणि ही तर ३० वरच १:१ देते, म्हणजे त्या क्षणी ती साधारण ७५ मिमीसारखी वागतेय. इंटर्नल फोकसिंगचा (आतल्या आत काचा सरकवून फोकस करण्याचा) परिणाम. तक्रार नाही, त्याच्याच जोरावर लेन्स पुढे लांब होत नाही आणि पानाफांदीला धडकत नाही.

एफ/२.८ चंही तेच. १:१ ला प्रकाश दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी होतो, एफ/२.८ चा एफ/५.६ होतो. निकॉनच्या बॉडीवर हा बदललेला आकडा दिसतो, कॅननवर दिसत नाही, त्यामुळे दोन मित्र शेजारी बसून वाद घालतात की तुझी लेन्स २.८ ला उघडतच नाही! मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) कॅमेराचं असेल तर तो सांभाळून घेतो, फ्लॅश मॅन्युअलवर असेल तर मात्र तुम्हालाच दोन स्टॉप धरावे लागतात.

डेप्थ ऑफ फील्डची (किती खोलीपर्यंत शार्प राहतं त्याची) टेस्ट उडी मारणाऱ्या कोळ्यावर केली, कारण तो पळून न जाता उलट लेन्सकडेच वळून बघतो, असं गिऱ्हाईक दुसरं नाही. एफ/२.८ ला पुढच्या मोठ्या डोळ्यांपैकी एकातली चकाकी तेवढी शार्प, डोळ्याची कड सुद्धा विरघळलेली. एफ/८ ला साधारण एक मिलिमीटर मिळतो, म्हणजे दोन्ही डोळे आणि भोवतीचे केस, पाय धुक्यात. एफ/१६ ला दोन मिलिमीटर, ऐकायला बरं वाटतं पण तिथे प्रत्यक्षात एफ/३२ चालू असतो आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळीकडे हलकी मऊ झाक येते, १०० टक्के झूम केलं की केस वेगवेगळे सुटत नाहीत. माझा मुक्काम एफ/८ ते एफ/११. त्याहून जास्त हवं असेल तर स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं), पण ते वारा नसताना आणि किडा झोपेत असताना, पहाटे वगैरे.

१:१ ला ऑटोफोकस मी बंदच करतो. रिंग ठेवायची टोकाला, कोपर कुठेतरी टेकवायचं आणि अंग अगदी किंचित पुढेमागे डोलवत बर्स्ट (सलग पटापट फोटो) सोडायचा, त्यात एक-दोन फ्रेम बरोबर डोळ्यावर येतात. रिंगशी झटापट करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. आणि स्टॅबिलायझेशनवर फार विसंबू नका. कॅननने २००९ मध्ये १०० मिमी एल मॅक्रोत हायब्रिड आयएस (त्यांचं स्टॅबिलायझेशन) आणलं, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की एरवी चार स्टॉपचा फायदा, पण १:१ ला सुमारे दोनच. कारण जवळून हाताचं नुसतं वाकणं नाही तर वर-खाली, आजूबाजूला सरकणंही फोटोत दिसतं. त्यापेक्षा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं आवरण) लावलेला फ्लॅश, त्याचा लखलखाट इतका थोडका वेळ असतो की हात हललेला कळतच नाही.

आता चेहरे.

"मॅक्रो आहे, पोर्ट्रेटला बॅकग्राउंड कुठे ब्लर होणार" असं ऐकायला मिळतं, त्यावर साधं गणित. फोकल लेंथ भागिले एफ नंबर. १०० भागिले २.८ म्हणजे ३६ मिमी, ८५ एफ/१.८ चे ४७, ५० एफ/१.८ चे २८. फ्रेममध्ये चेहरा तेवढाच ठेवला आणि बॅकग्राउंड लांब असेल तर ब्लर या आकड्याच्या प्रमाणात येतो. म्हणजे ही ५० पेक्षा सरस आणि ८५ पेक्षा कमी, बस, एवढंच आहे ते. दीड मीटरवरून डोकं-खांदे घेतले तर एफ/२.८ ला साधारण तीन सेंटीमीटर खोली मिळते, डोळ्यापासून कानापर्यंत जाताना छान विरघळतं. मागे दिवे असतील तर कडेचे गोल जरा दबलेले, लिंबाच्या फोडीसारखे येतात, एफ/४ ला सरळ होतात. पांढऱ्या केसांवर मागून ऊन असेल तर फोकसच्या पुढे जांभळट, मागे हिरवट कड दिसते, पण एडिटिंगमध्ये निघून जाते.

शार्पनेस इथे मात्र उलटा अंगावर येतो. आत्याचा फोटो खिडकीच्या बाजूच्या तिरप्या उजेडात घेतला, तिने स्क्रीनवर बघितला आणि म्हणाली, "अरे, हा भिंतीवर लावायचाय की स्किनच्या डॉक्टरला दाखवायचाय?" बरोबरच होतं तिचं, गालावरचं प्रत्येक छिद्र हजर. लेन्सचा दोष नाही, तिरपा उजेड आणि मॅक्रो ही जोडी निर्दय आहे. मग तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, मध्ये पांढरा पडदा ओढला, एडिटला टेक्स्चर थोडं खाली घेतलं, फोटो पास. तीच लेन्स दाढीवाल्या काकांवर काय दिसते म्हणून सांगू, तिथे पडदा काढून टाकायचा.

आणि आता फोकस. ऑटोफोकसला ३० सेंमी ते अनंत एवढा पल्ला धुंडाळायचा असतो, एकदा चुकला की सगळा फेरफटका मारून परत येतो आणि तोवर समोरच्याचं हसू संपतं. लिमिटर स्विच (फोकसचा पल्ला मर्यादित करणारा) अर्धा मीटर ते अनंत वर टाकला की निम्मी कटकट गेली, हा स्विच पोर्ट्रेटला कायम तिथेच ठेवा. तरी पळणाऱ्या भाचीमागे ही लेन्स पुरी पडत नाही, तिथे माझी ८५ मिमी सरळ जिंकते. मॅन्युअलचं तर विचारूच नका, रिंगचा सगळा ऐसपैस पल्ला जवळच्या टोकाला वापरलेला, एक मीटरपासून अनंतापर्यंत बोटभर फिरवणं सुद्धा जास्त होतं, डोळा पकडायला गेलं की नाकावर. म्हणून घेण्याआधी टेस्ट करायची असेल तर मोजपट्टीचे फोटो कमी काढा, त्यापेक्षा एक माणूस दीड मीटरवर उभा करा, त्याला जरा डुलायला सांगा आणि मग बघा.

सगळ्यात आवडलेली जागा मात्र दोन्हीच्या मधली निघाली, साधारण १:३ ते १:६. तारेवर दाबलेली सतारवादकाची बोटं, तर्जनीवरचा घट्टा, नखाखाली तारेने पडलेली काळी रेघ, मागे चेहरा फक्त आकार म्हणून. बहुतेक ८५ एफ/१.८ लेन्सा ८० सेंमीच्या आत फोकसच करत नाहीत, त्यामुळे हा फोटो त्यांना एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावल्याशिवाय जमत नाही. इथे एफ/४ ठेवतो, ऑटोफोकसही नीट चालतो.

८५ विकायची का असं दोघातिघांनी विचारलंय. भाची शांत बसायला लागेपर्यंत तरी नाही. पुढचं काम डिफ्यूझरचं, आत्ताचा लेन्सच्या तोंडापर्यंत नीट पोचत नाही आणि कोळ्याच्या डोळ्यात फ्लॅशचा चौकोनी ठिपका दिसतो, तो गोल आणि मोठा करायचाय. कोणी घरच्या घरी बनवला असेल तर कुठलं मटेरियल वापरलं ते सांगा.