आधी हसू, मग बातमी

दुपारी जेवण झाल्यावर फॅमिली ग्रुप उघडला तर आत्याने दारातल्या आंब्याचा फोटो टाकलेला आणि खाली लगेच कोणीतरी "काय झाडी, काय डोंगार"वालं स्टिकर. म्हणजे अजून चालतंय ते! जून 2022 चं आहे. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील, शिवसेनेतल्या बंडखोरांबरोबर गेलेले, त्यांचा गुवाहाटीच्या हॉटेलातला तो फोन, तिकडे सरकार पडायला आलेलं आणि इकडे अख्खा महाराष्ट्र झाडी, डोंगार, हाटील करत बसलेला.

माझा भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला. पेपरचं आणि त्याचं वाकडं, टीव्ही रूमवर नव्हताच. पण मीम आलं, सगळे हसले, याला काही कळेना, आणि जोक न कळण्याइतकी नामुष्की त्या वयात दुसरी नसते. मग बसला पठ्ठ्या शोधत. आधी सुरत मग गुवाहाटी का, 37 आमदारच का लागतात, पक्षांतरबंदीत ती दोन तृतीयांशची काय भानगड आहे. रात्री फोन करून मलाच राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे हाच पक्षांतरबंदीचा कायदा, समजावत होता, जी शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंना काही माझ्या डोक्यात घालता आली नाही. त्याच्या रूममेटला मात्र गुवाहाटी म्हणजे झाडीवालं गाव, एवढंच अजून माहिती आहे. असतात असेही.

आमचे आजोबा 'मार्मिक' घ्यायचे, बाळासाहेब ठाकऱ्यांचं व्यंगचित्र साप्ताहिक. अंक आला की आधी त्यातलं व्यंगचित्रांचं पान, 'रविवारची जत्रा'. चष्मा कपाळावर ढकलायचा, पान पार नाकाला लावायचं आणि एकेक चित्र बघत बसायचं, आवाज नाही, नुसतं बंडीतलं पोट हलायचं. आम्ही विचारलं काय झालं आजोबा, की "तुला नाही कळायचं, आधी बातम्या वाच जा." म्हणजे हसायला आधी बातमी माहिती लागायची. आता उलटी गंगा.

पोरं मीमवर विश्वास ठेवतात म्हणून गळा काढणाऱ्यांना मी एकच विचारते, 2016 आठवतंय का? नोटबंदीनंतरची ती अफवा, नव्या 2000 च्या नोटेत चिप आहे, 120 मीटर खाली पुरली तरी सॅटेलाइटला दिसणार. पोरांनी त्यावर मीम करकरून नुसता धुमाकूळ घातला होता. आणि आमच्या बिल्डिंगमधले काका, रोज दोन पेपर अग्रलेखासकट वाचणारे, गॅलरीत नोट उन्हाला धरून चिप शोधत होते, काकू मागून विचारतायत, "दिसली का हो?"