उन्हाळी वाचनाची वही, वर्ष तिसरं: आधी जागा, मग पुस्तक

२८ एप्रिल

भाचरं काल रात्री ठाण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आली. थोरला भाचा यंदा सातवीत जाईल, धाकटी भाची तिसरीत. जोडीला आमची लेक, पाचवीत जाणारी. भाचरं इंग्रजी माध्यमाची. मराठी फाडफाड बोलतात, पण छापील मराठी समोर आलं की थोरला अडखळतो आणि धाकटी पान उलटून चित्र शोधते. लेक मराठी शाळेतली, भराभर वाचते, पण दोन दिवसांनी विचारलं तर तिला काही आठवत नाही.

मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत मी आधी पुस्तक वाचून घ्यायचो आणि मग ती जागा दाखवायचो. किल्ल्याचं पुस्तक झालं की किल्ला, रामशास्त्र्यांची गोष्ट झाली की माहुली. दोन्ही वर्षी मे अर्धा सरला आणि वाचन थंडावलं. परवा जुन्या वह्या काढून बसलो. मुलांनी आपणहून पुस्तक मागितल्याच्या मोजून सहा नोंदी सापडल्या. त्यातल्या पाच वेळा आम्ही नुकतेच कुठून तरी फिरून आलो होतो.

म्हणून यंदा क्रम उलटा. आधी जागा, तीही काही न सांगता. प्रश्न पडला तर घरी येऊन पुस्तक शोधायचं. नाही पडला तर पुस्तकही नाही. तिघांत मिळून एकच वही, आणि तिच्यात पुस्तकाचं नाव लिहिण्याआधी प्रश्न लिहायचा. पानं मोजायची नाहीत, बक्षीस ठेवायचं नाही.

घरातला साठा असा: नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली दहा-बारा पातळ पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, आणि ‘किशोर’चे जुने अंक. बालभारतीनं ‘किशोर’ १९७१ साली सुरू केला आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. ज्यांना हे माहीत नसेल त्यांनी आजच बघा. मी हवी ती पानं छापून घेतो. मोबाइलवर वाचायला दिलं की पाचव्या मिनिटाला खेळ सुरू होतो.

३० एप्रिल, अजिंक्यतारा

पहाटे साडेपाचला घर सोडलं. डांबरी रस्त्यानं वर जाणारी सातारकरांची रोजची रांग असतेच, तिच्यातच आम्ही. मंगळाईचं दर्शन घेतलं, तळी पाहिली. उत्तरेच्या तटावरून सगळं शहर पायाखाली दिसतं, एका अंगाला यवतेश्वरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला जरंड्याचा. आठच्या आत खाली उतरलो. मे महिन्यात नऊनंतर लहान मुलांना वर ठेवू नका, सावली फार थोडी आहे.

थोरल्याचा प्रश्न: ‘एवढा उंच किल्ला औरंगजेबानं घेतला कसा?’ १६९९च्या डिसेंबरात पडलेला वेढा, किल्लेदार प्रयागजी प्रभू, आणि बुरुजाखाली पेरलेला सुरुंग उडाल्यावर ढासळलेल्या दगडांखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली ती हकिकत, एवढं त्यानं माझ्या कपाटातल्या इतिहासातून दोन संध्याकाळी लावून वाचलं. अडखळत वाचलं, पण मला वाचून दाखवायला सांगितलं नाही. हा किल्ला ताराराणींनी परत जिंकला तेव्हा ‘अजिंक्यतारा’ हे नाव पडलं, हे त्यानं जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

४ मे, राजवाडा

संध्याकाळी ऊन उतरल्यावर राजवाड्याकडे. सुट्टीमुळे प्रतापसिंह हायस्कूल बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. इथे मात्र मी माझाच नियम मोडला आणि एक वाक्य बोललो: ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी या शाळेत पहिलं पाऊल टाकलं, रजिस्टरला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे, आणि म्हणूनच तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

थोरल्यानं बोटांवर हिशेब केला. जन्म १८९१. ‘मामा, म्हणजे नऊ वर्षांचे होते. ताईपेक्षा लहान.’ मग सगळे भेळ खात होते तेव्हा धाकटीनं विचारलं, ‘त्यांची आई सोडायला यायची का शाळेत?’

मला लगेच बोलता आलं नाही. भीमाबाई १८९६ सालीच गेल्या, इथेच, साताऱ्यात. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही माता भीमाबाईंच्या स्मारकावर गेलो. धाकटी तिथे एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर वहीत तिनं स्वतः लिहिलं, ‘आई नव्हती. मग डबा कोण द्यायचं?’ ‘द्यायचं’ लिहिताना दोनदा खोडलंय. हे पान मी जपून ठेवणार आहे.

उत्तरासाठी लहान मुलांचं चरित्र शोधायला एका वाचनालयात गेलो, तर बालविभागाच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. सुट्टीच्या दिवसांतच मुलांचं कपाट बंद राहतं याचं मला खरंच वाईट वाटलं. तीन पोरं काचेला नाक लावून उभी होती. वाचनालय चालवणारं कुणी हे वाचत असेल तर एवढंच मागणं, मे महिन्यात किल्ली मागे ठेवा.

८ मे, चार भिंती

वारा छान होता, मुलं तासभर धावली. प्रश्न शून्य. नियमाप्रमाणे पुस्तक नाही.

११ मे, लिंबची बारामोटेची विहीर

यंदाच्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

हायवेनं पुण्याच्या बाजूला निघून लिंब फाट्याला आत वळायचं. शहरापासून सोळा किलोमीटरच्या आसपास. या वेळी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरोबर घेतलं. पायऱ्या उतरून आत शिरलं की पहिल्यांदा अंगाला गारवा लागतो, मग डोळे अंधाराला सरावतात आणि मग समोर ते अष्टकोनी तोंड दिसतं. पन्नास फूट रुंद, एकशेदहा फूट खोल, आणि मधे चक्क खांबांचा छोटा महाल. धाकटी ‘विहिरीत घर आहे!’ म्हणून ओरडली आणि तिचाच आवाज तिला परत आला.

शिलालेखापाशी लेक थांबली. अक्षरं जुन्या वळणाची, सगळी लागेनात, पण देवनागरी आहेत म्हटल्यावर ती हट्टाला पेटली. बोट ठेवत ठेवत तिनं शकाचे आकडे काढले. काम सुरू झालं शके १६४१ला, संपलं १६४६ला. मी म्हटलं, शकात अठ्ठ्याहत्तर मिळव. तिनं वहीत मांडलं: १७१९ ते १७२४. बांधून घेतली वीरूबाई भोसल्यांनी, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात. आकडा स्वतः काढला की तो विसरत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. आज अर्ध्या झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

खरी शाळा भरली ती वर, मोटा, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायच्या चामडी पिशव्या, चालायच्या जागेवर. आबांनी लहानपणी कोरेगावकडच्या आमच्या गावी मोट हाकलेली आहे. ते कडेला उभे राहिले आणि हातानं दाखवत गेले. ही धाव, विहिरीपासून लांब उतरत जाणारी. बैल उताराला चालले की नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणतो आणि मोट वर येते. मोटेला खालून सोंड असते, तिला बारीक दोर, तो सोंदूर. मोट वर येईपर्यंत सोंड वर दुमडलेली, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, पडते, पाणी पाटाला लागतं. मग बैल मागे मागे येतात आणि मोट पुन्हा खाली जाते.

‘मागे मागे? तोंड पुढे ठेवून?’ धाकटीनं विचारलं.

‘तोंड पुढेच. चढावर उलट्या पावलानं यायचे. शिकवावं लागायचं त्यांना.’

‘आणि इथे बारा मोटा एकदम? म्हणजे चोवीस बैल उलटे?’

आबा खूप दिवसांनी एवढं मोकळं हसले.

१२ ते १७ मे

आठवडाभर घरात मोटच. दुधाच्या पिशवीचा खालचा कोपरा कापून सोंड केली, त्या कोपऱ्याला शिवणाचा दोरा हा सोंदूर, सुतळी हा नाडा, आजीचं रिकामं रीळ हे चाक. गच्चीवर बादलीची विहीर. पहिल्या दिवशी सगळं पाणी वाटेतच गळालं, कारण सोंद्राचा दोरा सैल होता. थोरल्यानं दोन्ही दोऱ्या एकत्र ओढून बघितल्या, तेव्हा कळलं की सोंड पिशवीच्या तोंडाइतकी उंच धरली तरच पाणी टिकतं. मी काहीही सांगितलं नव्हतं.

आणि मग धाकटीनं मागितलं, ‘मोटेचं वाचायला दे.’ जुन्या अंकांतून आणि आबांच्या ट्रंकेतल्या एका जीर्ण पाठ्यपुस्तकातून मोटेवरची चार पानं मिळाली. तिसरीत जाणाऱ्या, मराठी शाळेत न जाणाऱ्या मुलीनं ती चारही पानं तीन दुपारी बसून संपवली. ‘सोंदूर’ आलं की थांबायची, गच्चीवरचा दोरा आठवायची आणि पुढे जायची. शब्द तिच्या हाताला आधीच माहीत होता. यंदाचा क्रम उलटा केला तो कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी या तीन दुपारी दाखवीन.

२० मे, भिलार

पुस्तकांचं गाव. इथे पुस्तक आणि जागा एकच, त्यामुळे माझा क्रम कसा लागू करायचा हे कळेना. शेवटी न ठरवताच गेलो. एस.टी.नं वाई, पाचगणी, मग भिलार. ज्यांनी अजून पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ४ मे २०१७ला हे सुरू झालं, राज्य मराठी विकास संस्थेकडून. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना घेतली. तिथे जुनी पुस्तकं विकायला असतात, इथे फक्त वाचायला. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि पंधरा हजार पुस्तकं होती. ठिकाणं म्हणजे बहुतेक लोकांची राहती घरं. बाहेरच्या रंगवलेल्या पाटीवर विषय, आत खोलीत कपाटं, बसायला खुर्च्या. पैसे नाहीत, नाव नोंदवायची घाई नाही.

बालसाहित्याच्या घरात दोघी मुली बसल्या. थोरला दिसेना. शोधत गेलो तर चरित्रांच्या घरी, ओटीवर भिंतीला टेकून, बाबासाहेबांचं शाळेचं प्रकरण वाचत होता. राजवाड्यावरचा प्रश्न सोळा दिवस त्याच्या डोक्यात होता आणि मला पत्ता नव्हता. घरच्या आजींनी न विचारता ताकाचा पेला आणून ठेवला. तो ‘थँक यू’ म्हणाला, मग थांबून ‘छान आहे’ म्हणाला. त्यांनी विचारलं, ‘काय, ताक का पुस्तक?’ तो म्हणाला, ‘दोन्ही.’

निघताना लेकीचं पुस्तक अर्धं राहिलं आणि ते घरी नेता येत नाही म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पानाचा आकडा वहीत लिहून घेतला. दोन दिवसांनी तेच पुस्तक साताऱ्यात दुकानात मिळालं. तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, आणि गोष्ट कुठे आली हे आता ती आजीला रोज रात्री सांगते.

जाणाऱ्यांना सूचना: शनिवार-रविवार टाळा, पाचगणीच्या रस्त्यावर गाड्यांत अडकाल. भाकरी-चटणी बरोबर घ्या. आणि एका दिवसात दोनच घरं. आम्ही पहिल्या वर्षी सात घरं केली होती, कुणीही धड काही वाचलं नव्हतं.

२५ मे, मेणवली

वाईहून जवळच. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि घाटावर टांगलेली मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा आणलेल्या घंटांपैकी ही. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि साल आहे १७०७. लेकीनं घंटेकडे बघितलं, वही उघडली, लिंबचं पान काढलं आणि म्हणाली, ‘बाबा, घंटा विहिरीपेक्षा बारा वर्षांनी थोरली.’ दोन गावं, एकीकडे दगड, दुसरीकडे धातू, आणि तिनं ती एका रेषेवर आणून ठेवली.

प्रश्न थोरल्याचा: ‘चर्चची घंटा देवळात चालते का?’ यावर पुस्तकाआधी तासभर वाद झाला, मामी आणि आजीसकट. वसईच्या मोहिमेचं वाचन अजून चालू आहे.

१ जून, संगम माहुली

कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. मागच्या वर्षी शास्त्र्यांची गोष्ट आधी वाचून गेलो होतो तेव्हा मुलं घाटावर कंटाळली होती. यंदा काही न सांगता गेलो. त्यांना काय सापडलं, तर दगडी कुत्रा. शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या त्यांच्या कुत्र्याची ती समाधी, असं सांगतात. धाकटी त्याच्या पाठीवरून हात फिरवत पंधरा मिनिटं बसली. वहीतला प्रश्न: ‘कुत्र्यासाठी समाधी बांधणारा राजा कसा असेल?’ शाहू महाराजांवर मुलांना झेपेल असं काय आहे, कुणाला माहीत असेल तर जरूर सुचवा.

८ जून

भाचरं परवा जाणार. वहीत एकतीस प्रश्न झाले, त्यातल्या एकोणिसांना पुस्तक मिळालं. सात अजून रिकामे आहेत, आणि पाच मुलांनीच खोडले.

थोरला जाताना मोटेची पिशवी आणि रीळ बॅगेत घालतोय, ठाण्याच्या मित्रांना दाखवायला. दुधाची पिशवी फाटली तर काय, म्हणून लेकीनं आणखी दोन धुऊन वाळत घातल्यात. वही मात्र इथेच राहणार, असं तिघांनी ठरवलंय. पुढची नोंद पावसाळा ओसरता ओसरता, ती येतील तेव्हा कासच्या पठारावरून. फुलांची नावं आधी वाचून जायचं नाही, हे धाकटीनं आजच बजावून ठेवलंय.