ग्वाल्हेरच्या तळघरात बुलस्नेकची वीण: यंदाच्या हंगामाची नोंद

माझ्याकडच्या बुलस्नेक या अमेरिकी सापांच्या जोडीची यंदाची वीण पार पडली. मादीने अकरा अंडी घातली. त्यांतली दोन वांझ निघाली, एका अंड्यातले पिल्लू पूर्ण वाढूनही बाहेर आले नाही आणि उरलेली आठ पिल्ले आता स्वतंत्र डब्यांत आहेत. ही नोंद मुख्यतः ग्वाल्हेर, झाशी, आग्रा या पट्ट्यातल्या पाळणाऱ्यांसाठी आहे. या सापांविषयी जे वाचायला मिळते ते जवळजवळ सगळे अमेरिकेतले असते आणि त्यात ऊब कशी पुरवावी याचाच खल असतो. आपल्याकडे एप्रिल ते जुलै या काळात प्रश्न ऊब देण्याचा नसतो, काढून घेण्याचा असतो. नेमकी त्याच काळात अंडी येतात, त्यामुळे सारी आखणी उलट्या बाजूने करावी लागते.

बुलस्नेक हा कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंतच्या गवताळ मैदानांतला साप, तर माझ्याकडचा दुसरा, पाइन स्नेक, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतच्या वाळूमिश्रित पाइनवनांतला. दोघेही पिट्युओफिस या एकाच प्रजातीतले, बिनविषारी, माती उकरणारे आणि अंगाने आपल्या धामणीपेक्षा भरलेले. कायद्याचे एकदाच सांगून मोकळा होतो. आपले देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरात ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या, जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिट्युओफिस त्या परिशिष्टांत नाही, तरीही जनावर कोठून आले याची कागदपत्रे हाती नसतील तर ते घेऊच नये, असे माझे मत आहे.

थंडीपासून सुरुवात करतो, कारण वीण ठरते ती तिथेच. दोन-अडीच महिने दहा ते चौदा अंशांच्या आसपास काढल्याशिवाय ही जोडी वसंतात नीट जुळत नाही. ग्वाल्हेरची डिसेंबर-जानेवारीची थंडी या कामी वरदान आहे, मुंबई-पुण्याच्या मंडळींना त्यासाठी फ्रिज राबवावा लागतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याचे दगडी तळघर मात्र या काळात निरुपयोगी असते, कारण बाहेर धुके दाटलेले असतानाही खाली पारा वीसच्या खाली उतरत नाही. म्हणून शीतनिद्रेची पेटी गच्चीवरच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवली. त्या खोलीत रात्री आठ आणि दुपारी अठरा अशी चढउतार होते, ती सापाला मानवत नाही. जाड थर्मोकोलच्या खोक्यात सापाच्या डब्याभोवती पाण्याने भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या रचल्या की आतला फरक दोन-तीन अंशांवर येतो. त्याआधी तीन आठवडे खाणे पूर्ण बंद ठेवले होते, कारण पोटात अन्न राहिले तर थंडीत ते पचत नाही, सडते. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघांना हळूहळू उबेत आणले. मादीला लहान-लहान उंदीर थोड्या अंतराने दिले. एकदम मोठा घास देण्यापेक्षा हे बरे. नराने दोनदा खाल्ले आणि मग तोंड फिरवले, जे या दिवसांत अपेक्षितच असते. मादीने कात टाकल्यावर तिला नराच्या पेटीत सोडले. बुलस्नेकचा नर मिलनाच्या वेळी मादीची मान जबड्यात धरून ठेवतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला भांडण वाटते आणि तो घाईघाईने दोघांना वेगळे करतो. मानेवर दोन-चार खवले उचकटलेले दिसले तरी पुढच्या कातीबरोबर खूण निघून जाते.

एप्रिलच्या मध्यावर मादीचे अंग मागच्या एकतृतीयांश भागात ठळकपणे फुगले आणि ती पेटीच्या गार कोपऱ्यातून हलेना. अंडी घालण्यापूर्वीची कात पडली की साधारण आठवडा-दीड आठवड्यात अंडी येतात, म्हणून ओल्या कोकोपिटाचा झाकणबंद डबा, वर मुठीएवढे भोक पाडून, त्याच दिवशी आत ठेवला. पाइन स्नेकच्या माद्या हे काम स्वतःच करतात. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये जोआना बर्गर आणि रॉबर्ट झॅपलॉर्टी या संशोधकांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. तिथे माद्या उन्हाच्या मोकळ्या जागी वाळूत स्वतः बोगदा खणून तळाशी अंडी घालतात. मान वाकडी करून वाळू बाहेर ओढणारे साप फार थोडे आहेत. माझ्या मादीनेही डब्यातले निम्मे कोकोपिट बाहेर फेकून दिले आणि मगच ती आत स्थिरावली.

आता उबवणीविषयी. अंडी एकमेकांना चिकटलेली होती, ती सोडवण्याच्या भानगडीत पडलो नाही. ज्या बाजूने पडली ती बाजू वर ठेवून तो गठ्ठा तसाच उचलला. आत गर्भ एकदा कवचाला चिकटला की अंडे उलटे करणे म्हणजे त्याला मारणे होय. अंधारात मागून टॉर्च धरली तेव्हा नऊ अंड्यांत लाल शिरांचे बारीक जाळे दिसले, दोन नुसतीच पिवळसर होती. अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारे हलके खनिज, वजनाला तेवढ्याच पाण्यात कालवले होते. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतके ते ओले असावे.

मला हवे होते २७ ते २८ अंश. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशी गाठतो, वरच्या मजल्यावर कूलर लावूनही पस्तीसच्या खाली येत नाही आणि पावसाळी हवेत कूलरचा तर काहीच उपयोग राहत नाही. तीस-एकतीसच्या वर अंडी काही आठवडे राहिली तर ती लवकर फुटतात, पण पिल्ले लहान निपजतात, काहींच्या पाठीच्या कण्याला बाक असतो आणि बरीचशी आतच मरतात. याच ठिकाणी तळघराचे सोने झाले. लू चालू असतानाही खाली एकोणतीस-तीस अंशच होते. गाडीत ठेवायची, पेल्टियरवर (वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर) चालणारी छोटी शीतपेटी तिथे ठेवली. ही पेटी भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-एक अंशच खाली जाऊ शकते, त्यामुळे तळघरात तिच्यावर ताण पडत नाही आणि ती थोड्या विजेवर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवरही, तासन्‌तास चालते.

थर्मोस्टॅट घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे बहुतेक थर्मोस्टॅट तापमान घसरल्यावर चालू होणारे असतात. आपल्याला ते वाढल्यावर चालू होणारा हवा. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे असा नियंत्रक स्वस्तात मिळतो. त्याचा संवेदक पेटीच्या हवेत लोंबकळत न ठेवता अंड्यांच्या शेजारी व्हर्मिक्युलाइटमध्ये खुपसला, नाहीतर झाकण उघडले की यंत्र उगाच धावत सुटते. पेटीत पाण्याच्या बाटल्याही ठेवल्या. हिवाळ्यातल्याच बाटल्या, फक्त काम उलटे. आठवड्यातून एकदा झाकण काढून कागदाने वारा घातला, एवढीच देखभाल. वांझ अंड्यांवर बुरशी आली, पण शेजारच्या जिवंत अंड्यांना ती लागली नाही. चिकटलेले वांझ अंडे ओढून काढण्यापेक्षा तसेच राहू द्यावे, हे बरे.

जूनच्या अखेरीस कवचांवर खळगे पडू लागले आणि मग एका अंड्यावर नखाने ओढल्यासारखी बारीक चीर दिसली. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला असलेला अंड्याचा दात कवच असे कापतो. त्या चिरेतून नाक बाहेर आले, दोन बुडबुडे फुटले आणि पिल्लू दिवसभर तसेच बसून राहिले. या वेळी ते उरलेले बलक शोषून घेत असते, त्यामुळे मदतीसाठी कवच फाडू नये. डोके बाहेर असतानाच मी बोट जवळ नेले तर त्याने पहिला फुत्कार टाकला. या प्रजातीच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी एक पातळ उभा पडदा असतो आणि हवा जोरात बाहेर पडली की तो थरथरतो. वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या जिवाकडून एवढा आवाज येतो तो त्यामुळेच. शिवाय ही मंडळी शेपटी थरथरवतात. कोरड्या पानांवर ती खुळखुळ्या सापासारखी वाजते. काकूंनी आवाज ऐकून तळघरात पुन्हा पाऊल टाकलेले नाही आणि लोणच्याच्या बरण्या वर हलवल्या आहेत.

पहिली कात आठ-दहा दिवसांत पडली, तोवर खाणे दिले नाही. पाच पिल्लांनी केस फुटू लागलेले गोठवलेले उंदीर, कोमट पाण्यात वितळवून दिल्यावर, लगेच घेतले. दोघांना चिमट्याने नाकाजवळ हलवून दाखवावे लागले. एक अजून नुसतेच फुत्कारते. त्याला रात्रभर छोट्या अंधाऱ्या डब्यात उंदरासह ठेवून पाहतो आहे. जबरदस्तीने भरवण्याची वेळ अजून आलेली नाही, कारण वजन घटलेले नाही. जुलैच्या दमट हवेत अधिक काळजी घ्यावी लागते ती कोरडेपणाची. कोरड्या मैदानांतल्या या सापांना कोंडलेली ओल लागली की पोटाचे खवले लाल होतात आणि श्वास घेताना घरघर ऐकू येते. म्हणून डब्यांना चारही बाजूंनी भोके वाढवली आणि पाण्याची वाटी लहान केली.

येत्या डिसेंबरमध्ये पाइन स्नेकची जोडीही गच्चीवरच्या खोलीत जाईल, कारण मादी आता तिसरे वर्ष ओलांडून पुरेशी भरली आहे. बुलस्नेकशी तिची जोडी लावा असे काहींनी सुचवले होते, परंतु संकर करून दोन्ही जातींची ओळख पुसण्यात मला रस नाही. पाइन स्नेकची अंडी कमी पण आकाराने बरीच मोठी असतात. सध्याचा डबा त्यांना उथळ पडेल, तेव्हा शीतपेटीत मावेल असा खोल डबा आतापासूनच शोधतो आहे.