गाभ्याचा आकडा लिहिण्याआधी अपर्चर लिहा

मे महिन्यात भुसावळात पारा ४६ च्या पुढे सरकतो, तेव्हा केल्विनमध्ये ते तापमान ३२० च्या घरात असतं. एनजीसी १०६८ या सक्रिय, म्हणजे मध्यभागी पदार्थ गिळणारं महाकाय कृष्णविवर असलेल्या दीर्घिकेच्या गाभ्यातल्या धुळीचं तापमान चिलीत पारानालवर असलेल्या व्हीएलटीच्या दुर्बिणी एकमेकींना जोडून मोजलं गेलं आणि २००४ साली प्रसिद्ध झालं, तेही ३२० केल्विन. सुमारे ३.४ पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) व्यासाची, २.१ पार्सेक जाडीची ही कोमट धूळ आणि तिच्या आत ८०० केल्विनच्या वर तापलेला एक लहानसा भाग. म्हणजे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवरची ती धूळ आणि भुसावळातली सावलीतली भिंत, दोन्ही सर्वात जास्त प्रारण ९ मायक्रॉनच्या आसपास सोडतात. मध्य-अवरक्त निरीक्षणातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे. जे बघायचं ते ज्या तरंगलांबीला चमकतं, त्याच तरंगलांबीला हवा, आरसा आणि दुर्बिणीचा सांगाडाही चमकतो. आणि हे सगळं बाजूला केलं तरी उरते ती दीर्घिकेची स्वतःची, ताऱ्यांनी तापवलेली धूळ.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून सक्रिय गाभ्यांचं मध्य-अवरक्त मोजमाप हा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. दुर्बीण लागत नाही. वाइज, स्पिट्झर आणि जेम्स वेब या तिन्ही अवकाश-दुर्बिणींचा जुना डेटा फुकट उतरवता येतो. लागतो तो बरा लॅपटॉप, चिकाटी आणि एक सवय: अपर्चर, म्हणजे प्रतिमेतल्या जेवढ्या भागातला प्रकाश मोजला तो भाग, किती आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि त्या दीर्घिकेच्या अंतरावर ते किती पार्सेक होतं, हे लिहिल्याशिवाय फ्लक्सचा, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या प्रारणाचा, आकडा वहीत उतरवायचा नाही.

एनजीसी १०६८ चं अंतर सुमारे १४ मेगापार्सेक धरलं, तर १ आर्कसेकंद म्हणजे ६८ पार्सेक. आता हिशेब बघा. वाइजचं १२ मायक्रॉनला विभेदन, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वात बारीक तपशील, ६.५ आर्कसेकंद, म्हणजे ४४० पार्सेक. स्पिट्झरच्या वर्णपटमापीची अरुंद फट सुमारे ३.६ आर्कसेकंद, २४५ पार्सेक. जेम्स वेबचा आरसा ६.५ मीटरचा, १० मायक्रॉनला विभेदनमर्यादा ०.३९ आर्कसेकंद, म्हणजे २६ पार्सेक. ८.२ मीटरची एकटी व्हीएलटी ०.३१ आर्कसेकंद, २१ पार्सेक. त्याच दुर्बिणी १३० मीटर अंतराने जोडल्या की ०.०१६ आर्कसेकंद, म्हणजे जेमतेम एक पार्सेक. धुळीची मूळ रचना तीन-चार पार्सेकची, म्हणजे ती प्रत्यक्ष वेगळी दिसते फक्त या शेवटच्या पद्धतीत. बाकी सगळीकडे गाभ्यासोबत शेजारपाजारही मोजला जातो. तो किती, एवढाच प्रश्न उरतो.

जमिनीवरून बघताना वातावरण दोनच खिडक्या उघड्या ठेवतं: ८ ते १३ मायक्रॉनचा एन पट्टा आणि १७ ते २५ मायक्रॉनचा क्यू पट्टा. क्यू पट्ट्यात पाण्याची वाफ फार त्रास देते, म्हणून कोरड्या आणि उंच जागाच चालतात. पारानाल २६३५ मीटरवर उगीच नाही. एन पट्ट्यातही आकाश आपल्या लक्ष्याच्या हजारो पट तेजस्वी असतं. म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा हलवून लक्ष्य आणि शेजारचं रिकामं आकाश आळीपाळीने बघायचं आणि वजाबाकी करायची. याला चॉपिंग म्हणतात. आरसा कलला की दुर्बिणीचं स्वतःचं प्रारणही थोडं बदलतं. तो फरक काढायला थोड्या थोड्या वेळाने आख्खी दुर्बीणच सरकवायची, ते नॉडिंग. चॉपिंगची झेप साधारण १० आर्कसेकंदांची असते. जवळच्या दीर्घिकेत तेवढ्या अंतरावरही तारानिर्मितीची धूळ असू शकते. ती 'रिकामं आकाश' म्हणून वजा झाली, तर गाभ्याचा फ्लक्स कमी येतो आणि प्रतिमेत उणे आकड्यांचे डाग दिसतात. प्रकाशित आकडा विचित्रपणे कमी वाटला, तर आधी चॉपिंगची दिशा आणि झेप तपासा.

सुरुवात वाइजपासून करावी. ४० सेंटीमीटरची ही दुर्बीण डिसेंबर २००९ मध्ये सुटली आणि तिने सगळं आकाश ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉनला टिपलं. यादीतल्या प्रती (मॅग्निट्यूड; आकडा जितका लहान तितकं लक्ष्य तेजस्वी) व्हेगा-पद्धतीच्या असतात, म्हणजे व्हेगा ताऱ्याच्या तुलनेत. त्यांचे जान्स्की (फ्लक्सचं एकक) करायला शून्यबिंदू अनुक्रमे ३०९.५४, १७१.७९, ३१.६७ आणि ८.३६ जान्स्की. समजा पहिल्या पट्ट्यात प्रत ९.५ आणि दुसऱ्यात ८.४ आली, तर फ्लक्स ४९ आणि ७५ मिलीजान्स्की. दोन प्रतींतला फरक १.१, आणि २०१२ पासून वापरात असलेला निकष ०.८ चा आहे: फरक त्याहून जास्त असेल तर ती दीर्घिका सक्रिय गाभ्याची चांगली उमेदवार. उलट मात्र खरं नाही. गाभा दुबळा आणि भोवतीचे तारे पुष्कळ असतील, तर ३.४ मायक्रॉनला ताऱ्यांचाच प्रकाश भारी पडतो, फरक ०.३-०.४ वर अडतो, आणि खरा सक्रिय गाभा यादीतून निसटतो.

यादी उतरवताना प्रतींसोबत दर्जाचे रकानेही घ्या. दूषणाचा रकाना चार शून्यांचा असावा; तिथे डी, पी, एच किंवा ओ दिसलं तर शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचा काटा, डिटेक्टरवरचा मागचा ठसा, प्रभामंडळ किंवा दुर्बिणीच्या आतल्या परावर्तनाची भूत-प्रतिमा त्या मापात मिसळलेलं असू शकतं. पहिल्या पट्ट्यात ८.१ आणि दुसऱ्यात ६.७ प्रतीपेक्षा तेजस्वी लक्ष्यांवर पिक्सेल भरून जाऊ लागतात. एनजीसी १०६८ तर वाइजसाठी फारच तेजस्वी. सर्वांना माहीत असलेली दीर्घिका म्हणून तिच्यापासूनच आरंभ करायचा मोह होतो, पण वाइजच्या सरावाला दुसरी, मंद दीर्घिका निवडा.

स्पिट्झरचा वर्णपट ५ ते ३८ मायक्रॉनचा, आणि कमी विभेदनाचे तयार वर्णपट कॅसिस संग्रहात मिळतात. तिथे बिंदूसारख्या आणि पसरलेल्या लक्ष्यांसाठी वेगवेगळ्या रीतीने काढलेले वर्णपट असतात. कोणता घेतला ते नोंदवा. हमखास गोंधळ होतो तो १४ मायक्रॉनला. तिथे वर्णपटात पायरी दिसते. यंत्र बिघडलेलं नसतं. कमी तरंगलांबीची फट ३.६ आर्कसेकंद रुंद आणि जास्त तरंगलांबीची सुमारे १०.५, म्हणजे १४ मायक्रॉनच्या पुढे जवळपास तिप्पट रुंद पट्टा मोजला जातो. पुष्कळ जण डावा भाग गुणून उजव्याला जुळवतात. वर्णपट गुळगुळीत दिसतो, पण गाभ्याचा सातत्य-प्रकाश, म्हणजे रेषांखालचा सलग प्रकाश, फुगतो. उजवा भाग भागून खाली आणला, तर २५.८९ मायक्रॉनची ऑक्सिजन-चारची (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची) रेषा, जी बहुतांशी गाभ्याची असते, ती विनाकारण कमी होते. माझं मत स्पष्ट आहे: पायरी तशीच ठेवा, दोन्ही फटींचे आकार लिहा. पायरीची उंची हीच गाभ्याबाहेरच्या धुळीबद्दलची माहिती आहे.

जेम्स वेबच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणातला वर्णपटमापी ४.९ ते २७.९ मायक्रॉन व्यापतो. त्यात चार चॅनेल, प्रत्येकाचे तीन तुकडे, एकूण बारा. एका वेळी चारही चॅनेलचा एकेक तुकडा नोंदला जातो, म्हणून पूर्ण वर्णपटाला तीन मांडण्या लागतात. पहिल्या चॅनेलचं क्षेत्र ३.२ गुणिले ३.७ आर्कसेकंद, चौथ्याचं ६.६ गुणिले ७.७. जवळची दीर्घिका एवढ्या छोट्या चौकटीत काठोकाठ भरते, रिकामं आकाश उरतच नाही. म्हणून पार्श्वभूमीचं वेगळं निरीक्षण आहे का, हे डेटा निवडतानाच बघा. १५ मायक्रॉनच्या पुढे तर दुर्बिणीचं स्वतःचं प्रारणच जास्त असतं. पार्श्वभूमी नसेल तर ते निरीक्षण सोडून दुसरं घ्या.

तयार वर्णपट उतरवून थेट रेषा मोजायला बसू नका. कच्च्या फाइली घ्या आणि पाइपलाइनचे (डेटावर प्रक्रिया करणाऱ्या तयार प्रोग्रॅमचे) तिन्ही टप्पे नव्या कॅलिब्रेशनने स्वतः चालवा. चौथ्या चॅनेलची संवेदनशीलता काळानुसार घटत गेली आहे आणि तिची दुरुस्ती नंतर आली, त्यामुळे जपून ठेवलेल्या जुन्या फाइलींत लांब तरंगलांबीचे आकडे कमी असतात. फाइली आणि संदर्भ-फाइली मिळून डिस्कवर भरपूर जागा खातात. संदर्भ-फाइली विभागातल्या एकाच संगणकावर उतरवून सगळ्यांनी वापराव्यात. ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप तिसऱ्या टप्प्यात अडकतो; बारा तुकडे एकेक करून चालवले की निभावतं, आणि मध्येच वीज गेली तरी एकाच तुकड्याचं काम वाया जातं.

या डेटात तीन जागा हमखास फसवतात. पहिली म्हणजे फ्रिंज: डिटेक्टरच्या थरांत प्रकाश मागेपुढे परावर्तित होऊन वर्णपटावर नियमित लहरी उमटतात. नेहमीच्या दुरुस्तीनंतरही तेजस्वी गाभ्यावर थोड्या उरतात. उरलेल्या फ्रिंज काढणारा टप्पा मुळात बंद असतो, तो चालू करा. दुसरी, एकाच स्पॅक्सेलचा, म्हणजे प्रतिमेतल्या एकाच ठिपक्याचा वर्णपट. त्यात लांबलचक लाटा दिसतात, कारण बिंदूचा प्रकाश मोजायला पिक्सेल पुरेसे बारीक नाहीत. तरंगलांबीबरोबर वाढत जाणाऱ्या गोल अपर्चरमधली बेरीज घेतली की त्या विरतात. तिसरी, १२.२ मायक्रॉनचा खोटा उंचवटा. ६.१ मायक्रॉनचा प्रकाश तिथे झिरपतो. पाइपलाइन तो काढते, पण त्यासाठी पहिल्या चॅनेलचा मधला तुकडाही तिसऱ्या टप्प्याच्या यादीत असावा लागतो. शेवटी बारा तुकडे शेजारी ठेवा. सांध्यावर काही टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून मोठा असेल तर अपर्चरचं केंद्र सरकलेलं असतं किंवा पार्श्वभूमी नीट वजा झालेली नसते.

आता रेषा. गाभ्याची सर्वात भरवशाची खूण म्हणजे निऑन-पाच, १४.३२ आणि २४.३२ मायक्रॉनला. चार इलेक्ट्रॉन गमावलेला हा निऑन तयार व्हायला ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि एवढे ऊर्जावान फोटॉन सामान्य ताऱ्यांकडून पुरेसे मिळत नाहीत. १२.८१ ची निऑन-दोन मात्र तरुण ताऱ्यांभोवतीही भरपूर असते, म्हणून या दोघींचं गुणोत्तर काढतात. इथे एक बारीक सापळा आहे. एनजीसी १०६८ चं ताम्रसृती मूल्य, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने तरंगलांबी किती ताणली जाते ते प्रमाण, ०.००३८. त्यामुळे तिची निऑन-पाच १४.३२ वर न दिसता १४.३७६ वर दिसते, आणि क्लोरीन-दोनच्या रेषेचं प्रयोगशाळेतलं स्थान आहे १४.३६८. तरंगलांबी १.००३८ ने भागायची राहिली, तर गाभ्याची सर्वात महत्त्वाची रेषा क्लोरीन म्हणून नोंदली जाईल. स्पिट्झरच्या कमी विभेदनात तर या दोन रेषा एकच दिसतात. तिथे निऑन-पाचचा आकडा द्यायचाच असेल तर उच्च विभेदनाचा वर्णपट शोधा. ऑक्सिजन-चारच्या शेजारी २५.९९ ला लोह-दोन बसलेलं असतं, तिथेही हाच नियम.

धुळीतल्या सिलिकेटची ९.७ मायक्रॉनची खूण हे प्रकरण सगळ्यात जपून हाताळायचं. निरीक्षित फ्लक्स भागिले सातत्य-प्रकाश, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम, अशी सिलिकेटची तीव्रता काढतात. उणे आली तर शोषण, अधिक आली तर उत्सर्जन. सगळं अवलंबून असतं सातत्य-रेषा कुठून ओढली यावर. ७.७ आणि ८.६ मायक्रॉनला एका बाजूने, ११.३ ला दुसऱ्या बाजूने बहुचक्रीय हायड्रोकार्बनचे उंचवटे असतात, त्यांच्या मध्ये आपोआपच दरी दिसते. त्या उंचवट्यांच्या माथ्यावरून सातत्य-रेषा ओढली की सिलिकेट नसतानाही खोल शोषण मिळतं. उपाय एकच: धूळ, हायड्रोकार्बन, रेषा आणि शोषण हे सगळं एकत्र बसवायचं. पीएएचफिट हे साधन यासाठीच आहे. ९.६६ ची हायड्रोजन रेणूची आणि १०.५१ ची गंधक-चारची रेषा त्याच दरीत असते, ती आधी झाकून घ्या. जमिनीवरच्या वर्णपटात यात भर पडते ९.६ मायक्रॉनच्या ओझोनची. प्रमाण-तारा (तुलनेसाठी घेतलेला, तेज माहीत असलेला तारा) लक्ष्याच्याच उंचीवर असताना बघितलेला नसेल, तर दरीच्या तळावर विसंबू नका.

निष्कर्ष लिहिताना गाभ्याभोवती धुळीचं कडं असतं हे नेहमीचं चित्र जरा सैल धरा. एनजीसी ४२४, एनजीसी ३७८३ आणि सर्सिनस या गाभ्यांत जोडदुर्बिणींनी मध्य-अवरक्त प्रकाशाचा मोठा वाटा ध्रुवांच्या दिशेने पसरलेला दाखवला आहे. फक्त वर्णपटाला कड्याचं प्रारूप बसवून झुकाव-कोन दोन दशांश स्थळांपर्यंत देणं मला पटत नाही.

शेवटची तपासणी क्ष-किरणांची. गाभ्याची १२ मायक्रॉनची दीप्ती आणि २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधली, शोषण दुरुस्त केलेली दीप्ती यांचं नातं बरंच घट्ट आहे. दोन्ही लॉगमध्ये मांडून आपला बिंदू कुठे पडतो ते बघा. १२ मायक्रॉनची बाजू फार जड आली, तर पहिला संशय अपर्चरवर घ्या: त्यात तारानिर्मितीची धूळ शिरली असेल. लहान अपर्चर घेऊनही बिंदू खाली आला नाही, तर क्ष-किरणच वाटेत दाट वायूने गिळलेले असू शकतात. एनजीसी १०६८ चा गाभा तसाच आहे. तिचे थेट क्ष-किरण आपल्यापर्यंत जवळपास पोचतच नाहीत, जे मिळतात ते परावर्तित. दुरुस्ती न करता तिचा बिंदू मांडला तर तो रेषेपासून लांब पडणारच. म्हणून तक्त्यात फ्लक्स, अपर्चर आर्कसेकंदांत, अपर्चर पार्सेकमध्ये आणि क्ष-किरणांचं शोषण, असे चार रकाने पहिल्याच दिवशी आखून घ्या.