दोन फूट मुरमाखालचा आंबा

एप्रिल 2024. सांगलीच्या गावभागातून काकूंचा फोन आला. "आंबा काढायचाय रे. मुलगा म्हणतो, वळीव सुरू व्हायच्या आत काढून टाक. शेजारच्यांच्या पत्र्यावर पडला तर निस्तरायचं कुणी?"

तो आंबा माझ्या ओळखीचा होता. 2022 साली मीच त्यावर चढलो होतो. शेंड्याची तीन-चार वाळकी टोकं उतरवली, पैसे घेतले आणि घरी आलो. आता गेटातून आत शिरलो तर अर्धा शेंडा उघडा पडलेला. उरलेली पानं बोटभर लांबीची, फिकट. मोहोर मात्र इतका येऊन गेला होता की वाळक्या तुऱ्यांनी फांद्या झाकल्या होत्या. काकूंना त्या मोहोराची आशा वाटली होती. मला भीती वाटली. जिवावर बेतलेलं झाड पुष्कळदा असा शेवटचा जोर लावून फुलतं आणि त्याला फळ धरत नाही.

आधी परवानगीचं बोललो. झाड आपल्या परसात असलं तरी महापालिकेला विचारल्याशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वेगळं संरक्षण आहे. काकू 1968 साली लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हाच या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं बरणीत होतं.

"काकू, आज तोडायचं बोलू नका. त्याला काय झालंय ते आधी बघू द्या."

लाकडी हातोडीनं खोड चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. आवाज भरीव. खोड पोखरणारी भिरूड अळी लागली असती तर भोकं दिसली असती, खाली भुसा पडला असता. त्यातलं काहीच नाही. बुंध्यावर अळिंबही नाही. मग हार्नेस चढवायला खाली बसलो आणि नजर बुडाशी गेली.

खोड विजेच्या खांबासारखं सरळ फरशीत घुसलं होतं.

आंब्याचं जुनं खोड जमिनीत शिरताना रुंद होतं, हत्तीच्या पायासारखं. तिथूनच मोठी मुळं चहूकडे फुटतात. इथे तो पसाराच नव्हता. पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडलेले. 2022 सालीही ते तिथे होतेच. मी दिवसभर वर बघत राहिलो होतो आणि दुखणं माझ्या पायाखाली होतं. ही चूक मला अजून टोचते. दोन वर्षं गेली त्या झाडाची.

"हे ब्लॉक कधी बसवले, काकू?"

"पुरानंतर."

सांगलीत 'पूर' म्हटलं की साल विचारावं लागत नाही. ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलेलं. काकूंच्या घरात छताखालच्या फळीपर्यंत गाळ होता. त्या दिवाळीत मुलानं परसात दोन फूट मुरूम टाकून तो दाबून घेतला आणि वर ब्लॉक बसवले. आईच्या काळजीपोटीच केलं त्यानं. माझी आई तिथे राहत असती तर मीही कदाचित तेच केलं असतं. 2021 ला पाणी पुन्हा आलं, ते वेगळं.

पण मुळांनाही श्वास लागतो. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात, कारण हवा तिथवरच पोचते. त्यावर मुरूम दाबला की ती गुदमरतात. हे एका दिवसात होत नाही. झाड साठवलेल्या अन्नावर तीन-चार वर्षं काढतं, मग शेंड्यापासून वाळत खाली येतं. तोवर घरच्यांना भरावाची आठवणही राहत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला पुण्याला फोन लावला. "आज तोडत नाही," एवढंच म्हणून ठेवून दिला.

खोडाभोवतीचे चार फुटांतले ब्लॉक काढले. मुरूम पाण्यानं भिजवून घेतला. वरचा फूटभर कुदळीनं काढला, पुढे कुदळ बाजूला ठेवली. खुरपी, बांबूची काडी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. माझा जोडीदार मिरजेकडचा, हाताचा फार हलका. साडेदहाच्या सुमारास तो थांबला. "दादा, हितं माती बदलली."

मुरमाखाली चार बोटं जाडीचा काळपट, गुळगुळीत थर होता. काकू पायरीवरून उतरल्या, थोडा चिमटीत घेतला आणि बोटांत चोळला.

"हा कृष्णामाईचा," म्हणाल्या. बराच वेळ चोळत राहिल्या.

त्या थराखाली हत्तीचा पाय सापडला. साल दोन ठिकाणी ओली, कुजलेली. तळहाताएवढे दोन डाग. बाकी निरोगी. गाडलेल्या खोडातून नवी मुळं फुटली होती. त्यातलं मनगटाएवढं एक खोडालाच वळसा घालून आवळत होतं. ते पटाशीनं आणि करवतीनं सोडवलं. दुसरंही तसंच वळत होतं, पण ते ठेवलं. जुनी मुळं मेली असताना सध्या झाडाला तेच पोसत असणार. सगळं एकाच दिवशी दुरुस्त करायला गेलं की झाड जातं.

उघडी मुळं ओल्या गोणपाटानं झाकली. घेराबाहेरही ब्लॉक काढून सहा ठिकाणी मुरूम आरपार खणला आणि त्यात शेणखत नि पालापाचोळा भरला. खोडाभोवती विटांचं कोरडं आळं राहिलं. काकू सवयीनं त्यात पाणी ओतायला निघाल्या, त्यांना थांबवावं लागलं. हे आळं हवेसाठी.

दुपारी चारनंतर चढलो. फक्त मेलेलं काढायचं, हिरवं एकही पान नाही. झाडाकडे आधीच पानं कमी, ती कापली तर ते खाणार काय? पत्र्यावरची फांदी दोराला बांधून तुकड्या-तुकड्यांनी उतरवली. जड फांदी कापताना आधी खालून काप द्यावा लागतो, मग जरा पुढे वरून. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल सोलत नेते. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेर कापायचा. जखम भरून येते ती त्या कडेतून. कापाला डांबर फासत नाही. त्याखाली ओल धरते.

एका वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयापेक्षा थोडं मोठं, गोल भोक दिसलं. करवत थांबवली. थोड्या वेळानं तांबट आला, चोचीत फळ घेऊन आत शिरला. ती फांदी कुणाच्या डोक्यावर नव्हती. भोकाच्या दोन हात पुढचं टोक काढलं आणि उरलेली तशीच ठेवली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आळ्यात पाणी तुंबलं, म्हणून जाऊन पाइपानं गटाराकडे वाट काढून दिली. पूर्वेकडच्या फांद्यांना तांबूस पालवी आली होती, पानं वीतभर. दक्षिणेची मोठी फांदी अजून उघडीच आहे. येत्या हिवाळ्यात तिचं काय ते कळेल. दुसरं मूळही तेव्हाच बघायचंय.